गळतीची वर्दी देणारे यंत्र आणि सदनिकेतील पाणी

सकाळच्या लोकलसाठी घाईघाईने घर सोडताना धुलाईयंत्राचा नळ बंद करण्याची सवय फारच थोड्यांना असते. त्या नळापासून यंत्रापर्यंत जाणारी नळी मात्र पाण्याच्या दाबाखालीच असते, मग यंत्र चालू असो वा नसो. काही वर्षांत ती कडक होते, वाकलेल्या जागी तडकते आणि एखाद्या दुपारी, घरात कोणी नसताना, सुटते. गच्चीवरील टाकी पाच मजले वर असेल तर तेथे पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण दीड किलो भरतो. दर दहा मीटर उंचीला एक किलो असा हा हिशेब आहे. अशा दाबाखाली अर्ध्या इंची नळीतून मिनिटाला १० लिटर पाणी बाहेर पडणे ही अतिशयोक्ती नव्हे. म्हणजे तासाला ६०० लिटर. पाचशे चौरस फुटांच्या सदनिकेत हे पाणी सारखे पसरले तर लादीवर सुमारे १३ मिलिमीटरचा थर साचेल. प्रत्यक्षात ते असे साचून राहत नाही. ते फर्निचरच्या प्लायवूडमध्ये शिरते, दाराखालून जिन्यात जाते, विजेच्या तारांच्या नळ्यांतून उतरते आणि खालच्या घराच्या छतातून ठिबकू लागते. वरच्या मालकाला आपल्या घरातील गळतीची बातमी बहुधा खालच्या मालकाच्या दूरध्वनीवरूनच कळते.

ही बातमी खालच्या घराआधी वरच्या घराला मिळावी, एवढ्यासाठी बाजारात जी छोटी यंत्रे आली आहेत त्यांना ‘स्मार्ट लीक डिटेक्टर’ असे नाव आहे. मराठीत त्यांना गळतीसंवेदक म्हणता येईल. खरेदीच्या संकेतस्थळांवर ती मिळतात आणि परदेशी असलेली मुले येथे राहणाऱ्या आईवडिलांच्या घरी ती बसवूनही देतात. तथापि, यातील अनेक यंत्रे ज्या घरांसाठी तयार झाली ती घरे आणि मुंबई-पुण्यातील सदनिका यांची नळरचना एक नाही. कोणते पाणी हे यंत्र पकडते आणि कोणते त्याच्या हातून निसटते, हे ठाऊक नसताना केलेली खरेदी अखेर कपाटात जाऊन पडण्याचीच शक्यता अधिक.

टाकीच्या भोंग्याचा भाऊबंद

यंत्राचे मूळ तत्त्व अगदी साधे आहे. चपट्या डबीच्या तळाशी धातूची दोन टोके उघडी असतात. कोरडे असताना त्यांच्यामधून वीज वाहत नाही. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असल्याने त्या पाण्याचा पातळ थर दोन्ही टोकांना टेकताच क्षीण विद्युतप्रवाह सुरू होतो आणि यंत्राला ओल कळते. पाण्याची टाकी भरताच गाणे म्हणणारा, किंवा मोटर बंद करण्याची आर्जवी विनंती करणारा जो भोंगा आपल्याकडील कित्येक घरांत वाजत आला आहे, त्याच्या दोन तारांचे कामही हेच. त्या अर्थाने गळतीसंवेदक आपल्याला अनोळखी नाही. फरक एवढाच की, भोंग्याचे ऐकायला घरात माणूस लागतो. नव्या यंत्राचा संदेश भ्रमणध्वनीवर जातो, मग तो माणूस नाशकात असो वा न्यू जर्सीत.

डबीऐवजी दोरीसारखी लांब तारही मिळते. तिच्या संपूर्ण लांबीत कोठेही पाणी लागले तरी ती वर्दी देते. ओट्याखालचे कपाट किंवा धुलाईयंत्राच्या मागची भिंत अशा ठिकाणी, पाणी नेमके कोणत्या बाजूने येईल हे सांगता येत नसल्याने, ही तार डबीपेक्षा उपयोगी ठरते.

संदेश पाठविण्याचे दोन मार्ग आहेत. काही यंत्रे थेट घरातील वाय-फायशी जोडली जातात. त्यांना वेगळे केंद्रयंत्र लागत नाही, पण वाय-फायला वीज अधिक लागत असल्याने ती एरवी झोपलेली असतात आणि ओल लागली की जागी होऊन संदेश धाडतात. त्यातील बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात. घरातील राउटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर ठेवलेला असेल तर जोडणी होत नाही आणि दोष यंत्राला दिला जातो. दुसऱ्या प्रकारातील यंत्रे ‘झिगबी’ किंवा ‘झेड-वेव्ह’ या कमी शक्तीच्या रेडिओ पद्धतीने घरातल्याच एका केंद्रयंत्राशी बोलतात आणि ते केंद्रयंत्र इंटरनेटशी बोलते. बटणाएवढ्या सेलवर अशी डबी दोनेक वर्षे चालू शकते. घरात एकच संवेदक ठेवायचा असेल तर वाय-फायचा घ्यावा. चार-पाच ठेवायचे असतील तर केंद्रयंत्राचा खर्च वसूल होतो.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट आवर्जून पाहावी. काही लहान डब्या स्वतः वाजतच नाहीत, त्या फक्त संदेश पाठवतात. वीज गेली, राउटर बंद पडला किंवा इंटरनेटचे पैसे भरायचे राहिले की अशी डबी पाण्यात बुडाली तरी मूक राहते. ज्या डबीत स्वतःचा भोंगा आहे तीच घ्यावी. निदान शेजाऱ्याच्या कानावर तरी आवाज जाईल.

एकाच नळाच्या घरांसाठी घडलेली यंत्रे

यापेक्षा वरच्या दर्जाची, आणि अर्थातच महाग, यंत्रे लादीवर ठेवायची नसतात. ती नळातच बसतात. घरात येणाऱ्या मुख्य जलवाहिनीवर ती बसवली की किती पाणी वाहते, किती वेळ वाहते आणि दाब कसा बदलतो याची नोंद ती घेतात. काही दिवसांत घराच्या सवयी त्यांना कळतात. मध्यरात्री सलग तासभर पाणी वाहत राहिले तर हे नेहमीचे नव्हे, एवढे ओळखून ती मालकाला विचारतात आणि उत्तर न आल्यास झडप स्वतःच बंद करतात. ‘फिन’ या अमेरिकी यंत्रात जलवाहिनीतील दाब सेकंदाला २४० वेळा मोजला जातो. याच वर्गातील काही यंत्रे रात्री थोडा वेळ झडप मिटून आतला दाब उतरतो का हे पाहतात. दाब हळूहळू उतरला तर कोठे तरी थेंबथेंब पाणी जात आहे, असा निष्कर्ष निघतो.

ही कल्पना अमेरिकेत वाढीस लागली याला कारणे आहेत. तेथील स्वतंत्र घरात रस्त्यावरून एक जलवाहिनी येते आणि तिच्यावर एक मुख्य झडप असते. कडाक्याच्या थंडीत नळातील पाणी गोठून फुगते आणि नळ फुटतो. जमीन लाकडाची आणि भिंती जिप्समच्या तक्त्यांच्या असल्याने काही तासांच्या पाण्याने घर निकामी होऊ शकते. साहजिकच काही विमा कंपन्या असे यंत्र बसविणाऱ्यांना हप्त्यात सवलत देतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशेबानुसार तेथील सरासरी घरातून वर्षाला सुमारे १०,००० गॅलन, म्हणजे ३८,००० लिटरच्या आसपास पाणी गळतीत जाते आणि दहा टक्के घरांत तर दिवसाला ९० गॅलन किंवा त्याहून अधिक. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ वर्षाला ३,००० गॅलनहून अधिक पाणी घालवतो, असेही ही संस्था सांगते. आपल्या मापात हे दिवसाला ३० लिटरच्या वर जाते. भारतातील शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. त्यातला जवळजवळ पाव वाटा एका ठिबकणाऱ्या नळाचा.

आपल्याकडील बहुमजली इमारतीत पाण्याचा प्रवास वेगळा आहे. पालिकेचे पाणी प्रथम जमिनीखालच्या टाकीत पडते, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि तेथून स्वतःच्या वजनाने खाली उतरते. हे उतरणे एका नळातून होत नाही. स्वयंपाकघरांची एक उभी लाइन, एका बाजूच्या न्हाणीघरांची दुसरी, दुसऱ्या बाजूच्या न्हाणीघरांची तिसरी, अशा ‘डाउनटेक’ लाइन इमारतीच्या डक्टमधून उतरतात आणि प्रत्येक मजल्यावर फाटे फुटतात. दोन न्हाणीघरांच्या साध्या सदनिकेत त्यामुळे तीन ठिकाणांहून पाणी शिरते. नव्या संकुलांत फ्लशसाठी पुनर्वापराच्या पाण्याची निराळी लाइन असेल तर आणखी वाढतात. मुख्य जलवाहिनीवर बसवायचे यंत्र येथे बसवायचे कोठे, हा प्रश्न दुकानदाराला विचारावा. त्याच्याकडे बहुधा उत्तर नसते. स्वयंपाकघराच्या लाइनवर बसविलेल्या यंत्राला न्हाणीघरात काय चालले आहे याचा पत्ता लागत नाही.

याच अडचणीला धरून बेंगळुरूच्या ‘स्मार्टरहोम्स’ने ‘वॉटरऑन’ ही यंत्रणा घडवली. सदनिकेत पाणी शिरण्याच्या प्रत्येक ठिकाणी एक मीटर, सर्व मीटरांची बेरीज करून एक आकडा, आणि गळती दिसल्यास भ्रमणध्वनीवरून बंद करता येणारी झडप, असे तिचे स्वरूप आहे. पाण्याचे बिल ज्याच्या त्याच्या वापरानुसार आकारण्यासाठी ती संपूर्ण इमारतीत बसवली जाते. म्हणजे हा निर्णय एका सदनिकाधारकाचा नसून संस्थेच्या सर्वसाधारण सभेचा आहे.

एकट्याने झडप बसवायचीच असेल तर तिच्या प्रकाराकडे लक्ष द्यावे. विद्युतचुंबकावर चालणाऱ्या ज्या सोलेनॉइड झडपा सहज मिळतात, त्यांपैकी बऱ्याच पाण्याच्याच दाबाची मदत घेऊन उघडमीट करतात. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी डोक्याशी तीन-चार मीटरवरच असते. तेथे दाब इतका कमी पडतो की, अशी झडप नीट उघडत नाही किंवा मिटत नाही. छोट्या मोटरने फिरणारी बॉल व्हॉल्व्ह झडप दाबावर अवलंबून नसते. वीज गेल्यास मात्र ती आहे त्या अवस्थेतच थांबते, म्हणून तिच्यासोबत बॅटरीची सोय हवी. महिनोन्‌महिने न हललेल्या झडपेत क्षार बसतात आणि ऐन वेळी मोटर नुसती गुरगुरते. ती महिन्यातून एकदा मिटून उघडलेली बरी.

वरचाही खरा, खालचाही खरा

येथवर जे वर्णन झाले ते उघड्यावर येणाऱ्या पाण्याचे. शहरातील सदनिकाधारकाला आयुष्यभर छळणारे पाणी निराळे असते आणि त्याच्यापुढे लादीवरची डबी काहीच करू शकत नाही.

अनेक इमारतींत न्हाणीघराची स्लॅब भोवतालच्या स्लॅबपेक्षा खाली घेतलेली असते. त्या खळग्यात सांडपाण्याच्या नळ्या टाकून वर विटांच्या तुकड्यांचा भराव, त्यावर कोबा आणि त्यावर लादी, अशी रचना असते. लादीच्या सांध्यांतील सिमेंट झिजले, नहाणी ट्रॅपचा सांधा सुटला किंवा भिंतीतला जुना लोखंडी नळ गंजला की पाणी या भरावात उतरते. भराव स्पंजासारखा ते धरून ठेवतो. आठवडे जातात, कधी महिने जातात. मग खालच्या घराच्या छतावर प्रथम पिवळसर डाग उमटतो, रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात आणि शेवटी थेंब पडू लागतो. या सर्व काळात वरच्या घरातील न्हाणीघराबाहेरची जमीन ठणठणीत कोरडी असते. वरचा मालक ‘माझ्याकडे काहीही गळत नाही’ असे सांगतो, खालचा छताकडे बोट दाखवतो, आणि दोघेही खरेच बोलत असतात. तेथे दहा संवेदक ठेवले तरी एकही वाजणार नाही.

हे पाणी केवळ रंग खराब करून थांबत नाही. स्लॅबमधील सळ्यांपर्यंत ओल पोहोचली की लोखंड गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होत असल्याने तो भोवतालचे काँक्रीट आतून ढकलतो आणि छताचे ढलपे पडू लागतात. भिंतीवरील बुरशीचा त्रास वेगळाच. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा व श्वसनाच्या तक्रारी अधिक आढळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद केले आहे. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवली तर बुरशी सहसा धरत नाही. उघड्या पाण्याच्या बाबतीत संवेदक मिळवून देतो ते हेच दोन दिवस. भरावात मुरलेल्या पाण्याच्या बाबतीत ते कधीच निघून गेलेले असतात.

मुरलेल्या गळतीचे निदान करण्याची रीत जुनी आहे आणि ती बऱ्याच अंशी फुकट आहे. डाग सतत, दिवसरात्र, सुट्टीतही ओला राहत असेल तर दाबाखालच्या नळाचा संशय घ्यावा. सकाळी आंघोळी आटोपल्यावर वाढत असेल आणि वरचे कुटुंब गावी गेले की वाळत असेल तर सांडपाण्याची नळी किंवा लादी दोषी. केवळ पावसाळ्यात उमटत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. यानंतर न्हाणीघराच्या निचऱ्याचे तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी किमान २४ तास, शक्यतो ४८ तास साठवून ठेवायचे आणि खाली काय होते ते पाहायचे. कमोडच्या टाकीतील गळतीसाठी तर टाकीत खाण्याचा रंग टाकून दहा मिनिटे थांबणे पुरते. फ्लश न करता भांड्यातले पाणी रंगले तर आतली रबरी झडप पाणी सोडते आहे. ज्यांच्याकडे स्वतंत्र मीटर आहे त्यांनी सर्व नळ बंद करून दोन तासांच्या अंतराने आकडा पाहावा.

एवढ्यावर उलगडा झाला नाही तर यंत्रे येतात. भिंतीत दोन टोके टेकवून ओलीचे प्रमाण सांगणारे आर्द्रतामापक गळतीसंवेदकाचेच नातलग आहे. औष्णिक कॅमेरा घेऊन येणारे तंत्रज्ञ आता मोठ्या शहरांत मिळतात. पण हा कॅमेरा भिंतीच्या आत पाहत नाही, तो पृष्ठभागाच्या तापमानातील फरक दाखवतो. ओला भाग बाष्पीभवनाने थंड राहतो म्हणून तो दिसतो. एसीचा थंडावाही तसाच दिसतो, तेव्हा नुसत्या रंगीत छायाचित्रावरून लादी फोडायला घेऊ नये. दाबाखालच्या नळासाठी आवाजाची पद्धत खात्रीची आहे. रस्त्याखालची गळती शोधताना रात्रीच्या शांततेत जमिनीला लोखंडी कांब टेकवून तिचे दुसरे टोक कानाला लावण्याची जी रीत पाणीखात्यांत चालत आली, तिचीच विद्युत आवृत्ती भिंतीसाठी वापरली जाते.

खर्च कोणी करायचा, यावरून संस्थांमध्ये भांडणे होतात ती मुख्यतः या मुरलेल्या पाण्यावरून. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याची विभागणी आहे. गच्ची, बाहेरच्या सामाईक जलवाहिन्या व सांडपाण्याच्या लाइन आणि पावसाच्या पाण्याने होणारी गळती ही संस्थेची जबाबदारी. सदनिकेच्या आतील न्हाणीघर, स्वच्छतागृह, सिंक यांतून होणारी गळती संबंधित सभासदाची. कागदावर हे स्वच्छ आहे. पाणी नेमके कोणत्या रेषेच्या कोणत्या बाजूने आले हे ठरवण्यासाठी मात्र वरच्या निदानाशिवाय गत्यंतर नाही आणि त्यासाठी वरच्या घराचे दार उघडले जावे लागते.

संवेदक ठेवायचा कोठे

मग लादीवरच्या डबीचा उपयोग कोठे? जेथे एरवी कोरडे असते आणि पाण्याची नळी हाताशी असते, अशा जागी. न्हाणीघर या व्याख्येत बसत नाही. पाश्चात्त्य न्हाणीघराची जमीन कोरडी राहते, म्हणून तेथील माहितीपत्रकांत कमोडशेजारी डबी ठेवायला सांगितलेले असते. आपल्याकडे बादलीने आंघोळ करणाऱ्या घरात ती डबी रोज सकाळी कोकलेल आणि आठवडाभरात तिचा सेल काढून ठेवला जाईल.

सर्वांत मोलाची जागा म्हणजे स्वयंपाकघरातील सिंकखालचे कपाट. तेथे अँगल कॉक, त्यापासून नळापर्यंत गेलेली जाळीदार नळी, सिंकचा सांडपाण्याचा ट्रॅप आणि अलीकडे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची पाव इंची नळी, असे सारे एकत्र नांदते. शुद्धीकरण यंत्राची ही पांढरी नळी नुसती खोचून बसवलेली असते. देखभालीस आलेल्याने ती नीट दाबली नाही तर ती सावकाश सुटत जाते. जाळीदार नळ्यांची जाळी स्टीलची असली तरी टोकाची चाकी पुष्कळदा प्लास्टिकची असते आणि आधी तीच तडकते. पितळी चाकीच्या नळ्या थोड्या महाग मिळतात. जी गळती संवेदकाने पकडायची, ती शंभर-दोनशे रुपये अधिक घालून टाळता येत असेल तर आधी ते करावे.

त्यानंतरची जागा धुलाईयंत्राची, विशेषतः ते सुक्या गॅलरीत किंवा पॅसेजमध्ये असेल तर. भांडी धुण्याचे यंत्र असल्यास त्याच्या मागे तार अंथरावी. माळ्यावर गिझर किंवा छोटी टाकी लपवलेली असेल तर माळ्यावरच डबी ठेवावी, खाली ठेवून उपयोग नाही. एसीच्या निचऱ्याची नळी तुंबून भिंतीवर ओघळ येतात तेथेही संवेदक लावता येतो. मात्र एसीतून गळणारे पाणी हवेतील बाष्पाचे असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि वीज मंद वाहते. तेथे लावण्यापूर्वी त्याच पाण्याने चाचणी घेतलेली बरी.

डबी खोलीतील सर्वांत सखल जागी हवी. लादीचा उतार डोळ्यांना दिसत नाही. तांब्याभर पाणी ओतून ते कोठे जाते हे पाहिले की कळते. घरी रोज लादी पुसली जात असेल तर पुसणाऱ्या व्यक्तीला ही डबी काय आहे हे सांगून ठेवावे. ओल्या फडक्याने ती वाजते, आणि वाजली म्हणून घाबरून कोणी उचलून खिडकीत ठेवली तर पुढे ती तेथेच राहते.

आपल्या शहरांतील एक अपघात मात्र परदेशी माहितीपत्रकांत सापडत नाही आणि संवेदक तो उत्तम पकडतो. ठरावीक वेळीच पाणी सोडणाऱ्या संस्थेत कोणी तरी नळ उघडून पाहतो, पाणी नसते, नळ तसाच राहतो आणि घराला कुलूप लागते. संध्याकाळी पाणी येते. सिंकमध्ये भांडे किंवा फडके अडकलेले असेल तर ते ओट्यावरून खाली वाहू लागते. सिंकखालच्या डबीने या वेळी दिलेली वर्दी घर वाचवते.

वर्दी मिळाल्यानंतर

वर्दी मिळणे आणि पाणी थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्यालयात बसलेल्या माणसाच्या भ्रमणध्वनीवर संदेश आला, पण किल्ली त्याच्याच खिशात, शेजारी कामावर आणि वॉचमनला डक्टमधली कोणती झडप कोणत्या सदनिकेची हे ठाऊक नाही, तर त्या संदेशाने चिंतेपलीकडे काही हाती लागत नाही. संवेदक विकत घेण्याच्या आधी करायची कामे म्हणूनच साधी आहेत. घरात शिरणाऱ्या प्रत्येक लाइनवर चालती झडप आहे का, हे पाहावे. जुन्या इमारतींत वर्षानुवर्षे न फिरवलेली गेटव्हॉल्व्ह फिरवायला गेले की तिची दांडी हातात येते. ती प्लंबरकडून शांतपणे बदलून घेणे आणि पाणी वाहत असताना बदलणे यांच्या खर्चात आणि मनस्तापात मोठे अंतर आहे. झडपांवर ‘स्वयंपाकघर’, ‘पूर्वेचे न्हाणीघर’ अशा चिठ्ठ्या लावाव्यात. एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे असावी आणि यंत्राचा संदेश एकाच नव्हे, दोन-तीन भ्रमणध्वनींवर जाईल अशी नोंद करावी. त्यातला एक तरी त्याच इमारतीतला असावा. मुले परदेशी असलेल्या घरांत हे विशेष महत्त्वाचे, कारण येथे दुपार असते तेव्हा अमेरिकेत मध्यरात्र असते.

आठवडाभर घर बंद ठेवायचे असेल तर संवेदकावर विसंबण्याचे कारणच नाही. निघताना सर्व लाइन बंद कराव्यात. ज्या नळात पाणी नाही तो सुटला तरी काही बिघडत नाही.

विम्याच्या बाबतीत एवढे नमूद करायला हवे की, १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांनी द्यावयाच्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित गृहविम्यात पाण्याच्या टाक्या, उपकरणे आणि जलवाहिन्या फुटून वा ओसंडून होणारे नुकसान समाविष्ट आहे. शब्द फुटणे आणि ओसंडणे हे आहेत. सावकाश मुरलेल्या ओलीचा दावा करण्यापूर्वी पॉलिसीतील अपवादांचे पान वाचावे. अचानक फुटलेल्या नळीच्या दाव्यात संवेदकाच्या संदेशाची तारीख आणि वेळ हा हाताशी असलेला पुरावा ठरू शकतो, तेव्हा तो संदेश पुसून टाकू नये.

इंटरनेटवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूप्रमाणे या यंत्रांचीही एक दोरी कंपनीच्या हातात असते. गळतीसंवेदकांसह घरातील अनेक स्मार्ट उपकरणे विकणाऱ्या ‘इनस्टिऑन’ या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये पूर्वसूचना न देता बंद पडले आणि ग्राहकांचा भ्रमणध्वनीवरून घराशी असलेला संपर्क एका दिवसात तुटला. पुढे जूनमध्ये काही ग्राहकांनीच पुढाकार घेऊन ती विकत घेतली आणि सेवा पुन्हा सुरू केली. मधल्या काळात ज्यांच्या यंत्रांची आपसांतली जोडणी घरातल्या घरात चालत होती, त्यांचे काम पूर्ण थांबले नाही. इंटरनेट तुटल्यावरही भोंगा वाजतो का आणि झडप मिटते का, हा प्रश्न विकत घेण्यापूर्वी विचारण्यासारखा आहे. त्याचे उत्तर घरीही मिळते. राउटरची वायर काढावी, बशीत चमचाभर पाणी घ्यावे आणि डबी तिच्यात ठेवावी. पाणी लागताच भोंगा वाजायला हवा. अशी चाचणी महिन्यातून एकदा घ्यावी आणि सेल बदलल्याची तारीख डबीच्या पाठीवर पेनाने लिहून ठेवावी.